लाली मोजायची नाही

सोमवारी टोचलं, गुरुवारी वाचायचं.
आमच्या खात्यात याला वाचणंच म्हणतात.
डावा हात, आतली बाजू, कोपराच्या चार बोटं खाली,
सुई जवळजवळ आडवी.
कातडीच्या आत, पण कातडीखाली नाही.
मटकीएवढा फुगवटा आला की समजायचं, बसलं.
मग निळ्या पेनानं भोवती गोल.

खाजवू नका, चोळू नका, साबण नको,
हळद तर मुळीच नको.
सत्तावीस वर्षं सांगते आहे हे,
कंपूतल्या या खोलीत, हिंदीत,
पण चाल आईची,
लोणच्याच्या बरणीला हात लावू नका म्हणायची ती.

जानेवारीत लष्करावरचं धुकं
दहा वाजले तरी हलत नाही.
बाही वर सरकवायलाच दोन मिनिटं जातात:
शाल, नवऱ्याचा कोट, स्वेटर, आतला विरलेला स्वेटर,
आणि मग एकदम
एवढासा उघडा हात,
नुकत्याच सोललेल्या उकडलेल्या बटाट्यासारखा कोमट.

खानवलकरबाईंनी शिकवलं तेव्हा
पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या,
लाली मोजायची नाही.
लाली कशानंही येते. लोकरीनं येते, लाजेनं येते.
डोळे मिट. बोट फिरव.
जिथं अडेल तिथं थांब.
तेवढंच खरं.

पुढं घरीही तसंच करत गेले.
दिरांचा आरडाओरडा कधी मनावर घेतला नाही,
ते जेवताना गप्प बसायचे
तेव्हा मात्र हळूच बोट ठेवून बघायची.

फूलवती घाटीगावाकडची.
नवरा दगडाच्या खाणीवर होता,
आता वॉर्डात, सात नंबरला.
गुरुवारी आली ती पाऊण वाजता,
मी स्पिरिटची बाटली आत ठेवत असताना.
थर उलगडले. गोल अगदी ठसठशीत,
नवाकोरा,
हिरवा.

मी निळा काढला होता.

भांडी घासताना पुसला, दीदी.
तुम्ही रागवाल म्हणून
पोराच्या पेनानं परत काढला.
गोलाच्या मधोमध लालबुंद गांधी,
आणि तिच्या चेहऱ्यावर
गृहपाठ पुरा करून आणल्याचं समाधान.

ढेकूण होता तो. मी काही बोलले नाही.
डोळे मिटले.
हिरव्या गोलाच्या बाहेर, दोन बोटं वर,
डोळ्यांना काही दिसलं नसतं तिथं,
उन्हात रापलेली सपाट, निरपराध कातडी,
तिथं बोट अडलं.

पेन या बाजूनं आणलं, अडेपर्यंत.
पेन त्या बाजूनं आणलं, अडेपर्यंत.
मधे पट्टी आडवी ठेवली.
सोळा.

पास की फेल? तिनं विचारलं.
सगळेच विचारतात, आणि मी सगळ्यांना सांगते तेच सांगितलं,
की हा आजार नव्हे.
जंतूची आणि तुझी ओळख झाली आहे, एवढंच,
भांडण झालंय का ते फोटोत कळेल.
एक्स-रे समोर, जिन्याशेजारी,
दोनच्या आत जा.

ओळख होणारच, ती म्हणाली,
एकाच रजईत झोपतो आम्ही.
तक्रार नव्हती त्यात. चुलीवर काय ठेवलंय ते सांगावं
तसं सांगितलं.

मी रजिस्टरात सोळा लिहिलं.
पुढच्या रकान्यात लालीसाठी जागाच नाही,
कधीच नव्हती.

ती बाह्या खाली ओढत होती,
विरलेला स्वेटर, वरचा स्वेटर, कोटाशी थांबली.
हा गोल आता पुसू?
पूस की, मी म्हटलं.
तिनं अंगठा थुंकीनं ओला केला,
थोडं घासलं, मग सोडून दिलं.
हिरवं पसरलं नुसतं,
आणि मधे ढेकणाचा तो चावा,
लाल,
कुणीच न मोजलेला.